बिननावाचा शब्द

१

धरणाच्या दरवाजांचं जुनं यंत्र शेवटच्या घटका मोजत होतं, आणि ते ज्या चिपवर चालायचं ती चिप आता कोणी बनवत नव्हतं. काम चार हातांतून फिरून शेवटी ठकूकडे आलं. ऑफिसात तिला मॅडम म्हणत. ठकू हे घरातलं नाव, आणि घरात त्या नावाने हाक मारायला आता एकटे वडील, अण्णाच, उरले होते.

काम तिच्याकडे आलं ते एका परीने योग्यच झालं, कारण यंत्रातला मूळ प्रोग्राम तिच्या आईने लिहिलेला. फोर्थ नावाची एक जुनी भाषा आहे. तिला जन्मतः मोजकेच शब्द येतात. बाकीचे आपण शिकवायचे, एका शब्दातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा, लेकराला शिकवावेत तसे. ही भाषा समजून घेणारा इंटरप्रिटर आईने असेम्ब्लीत, म्हणजे चिपच्या मायबोलीत, एकेक आज्ञा हाताने रचून तयार केला होता. नव्या चिपची मायबोली निराळी. ठकूने आईची प्रत्येक ओळ नव्या बोलीत उतरवायची आणि ती फर्मवेअर म्हणून चिपमध्ये बसवायची. वीज आली की तिथे सगळ्यात आधी जागं होणारं जे असतं, ते हेच. त्याच्या खाली काही नाही, शेजारीही काही नाही.

प्रोग्राम होता इवलासा. दीड खोलीचं बिऱ्हाड म्हणा ना. कुठे खिळा आहे, कुठली फरशी हलते, सगळं पाठ व्हावं इतका. ऑफिसला निघायच्या आधी ठकू मागच्या खोलीत आईच्याच टेबलाशी बसून ओळी उतरवायची. काम संपत आलं तेव्हा त्यातलं अक्षर न् अक्षर तिच्या हाताखालून गेलेलं होतं. या बिऱ्हाडात कुणाला लपायला कोपराच नाही, हे ती शपथेवर सांगू शकली असती.

काही सांगितलं की इतर ठिकाणची फोर्थ ‘ओके’ म्हणते. आईने तिथे आपला शब्द घातला होता. आज्ञा कळली की यंत्र पडद्यावर लिहायचं, ‘बरं’. कळली नाही तर, ‘काय?’ रोमन अक्षरांत, पण मराठीत. एवढे दोनच उद्गार. तिसरा त्याला येतच नव्हता.

२

रविवारी सकाळी बोर्डाला वीज दिली आणि पहिल्याच फटक्यात पडद्यावर उमटलं: बरं.

ठकू हसली, मग तिचे डोळे भरून आले. तिने पुसून घेतले, कारण दारात अण्णा उभे होते. हातात अर्धा सोललेला बटाटा, खांद्यावर टॉवेल.

“बोलली?” त्यांनी विचारलं.

“बोललं, अण्णा. यंत्र आहे ते.”

“तेच म्हणतो मी.”

अण्णा धरणावर दरवाजे चालवायचे. हयात गेली त्यात. आई तिथे यंत्र बसवायला आली तेव्हा अण्णांनीच तिला कोणकोणते शब्द हवेत ते सांगितले होते. उघड, थोडं, थांब, मीट. रोज शंभरदा हे शब्द टाइप करायचे, आणि शंभरदा ‘बरं’ ऐकायचं. लग्न त्यानंतर झालं. अण्णा लोकांना सांगत, “होकार मला आधी यंत्रातून मिळाला, तोंडी नंतर.”

त्यांनी बटाटा टेबलावर ठेवला, हात पुसले आणि स्टूल ओढून बसले. शेजारी आईची उशी घातलेली खुर्ची होती, पण तिच्यावर ते कधी बसत नसत. एका बोटाने त्यांनी लिहिलं: उघड.

काय?

“दरवाजांचे शब्द अजून शिकवले नाहीत मी त्याला,” ठकू म्हणाली.

“असू दे.” अण्णांचा चेहरा उजळला होता. “पहिल्या हाकेला कधी ऐकलंय तिने?”

३

मग अण्णांचा नेमच झाला. ठकू ऑफिसला गेली की ते मागच्या खोलीत जाऊन बसत. तिला बरंच वाटलं. आई गेल्यापासून त्यांचं दाढी करणंही मनावर असायचं. आता ते रोज दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून बसू लागले. सदरा कशाला, असं विचारलं तर म्हणाले, “कामाच्या जागी गबाळं जाऊ नये.”

एका दुपारी ती लवकर घरी आली. मागच्या खोलीतून टक्, टक् असा एकबोटी आवाज येत होता. आवाज थांबे, मग बराच वेळ शांतता, मग अण्णांचं हलकं हसू. तिने डोकावून पडदा वाचला.

अण्णांनी लिहिलं होतं: जेवण झालं.

खाली यंत्राने लिहिलं होतं: बरं.

ठकूच्या कपाळावर आठी आली. हे शब्द यंत्राला येत नव्हते. ‘काय?’ यायला हवं होतं.

तिने खुर्चीवरचे कपडे बाजूला केले, वही-पेन न घेताच विचार केला आणि पाच मिनिटांत तिला उत्तर सापडलं. जुन्या काळी मेमरी तुटपुंजी असायची, म्हणून आईचा इंटरप्रिटर शब्दाची पहिली तीन अक्षरं आणि लांबी एवढंच ध्यानात ठेवायचा. आईने त्याला ‘जेव्हा’ आणि ‘झालं’ हे शब्द शिकवले होते. अट घालायची ती ‘जेव्हा’ने आणि संपवायची ‘झालं’ने. रोमनमध्ये लिहिलं तर ‘जेवण’ आणि ‘जेव्हा’ दोन्ही पाच अक्षरी, सुरुवातही सारखी. यंत्र गफलत करत होतं, एवढंच.

“अण्णा, ते ‘जेव्हा झालं’ असं समजलं,” ती मोठ्याने हसत म्हणाली.

“हो का?” अण्णा म्हणाले. “मग बरोबर समजली. जेव्हा झालं तेव्हाच सांगितलं मी.”

आता मेमरीला तोटा नव्हता. तिने तो भाग बदलला. पूर्ण शब्द जुळला तरच ओळखायचा. तपासून पाहिलं. ‘जेवण’ला आता चोख ‘काय?’ येत होतं.

दुसऱ्या दिवशी पडद्यावर अण्णांची ओळ होती: आज गुडघा दुखतोय.

आणि खाली: बरं.

या वेळी तिला पाच मिनिटांत काही सापडलं नाही. तासाभरातही नाही. तिने तेच शब्द स्वतः टाइप केले. काय? पुन्हा केले. काय? मग तिने अण्णांना बोलावलं, आणि त्यांनी एका बोटाने, सावकाश, तेच लिहिलं.

बरं.

“तू घाईघाईत बोलतेस,” अण्णा समजुतीच्या सुरात म्हणाले. “तिला घाई चालत नाही.”

४

कीबोर्डच बिघडला असणार, असं ठकूने ठरवलं. ठरवलं म्हणायचं, पटलं नव्हतं. अण्णा झोपल्यावर तिने तो काढला, उलटा करून झटकला आणि नवा आणायचा म्हणून पिशवीत टाकला. बोर्ड चालूच होता. ती पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेली आणि परत आली.

रिकाम्या खोलीत पडद्यावर लिहिलेलं होतं: काय?

ती बघत असताना त्याच्या खाली दुसरं आलं. काय?

आई आतल्या खोलीत असली आणि बाहेर कुणाची चाहूल लागली की असंच विचारायची. हातातलं काम न सोडता, मान न वळवता. काय गं? काय हो?

पण ठकूचं डोकं ठिकाणावर होतं. कीबोर्ड काढल्यावर त्याची वायर मोकळी लोंबकळत राहते. मोकळी वायर हवेतलं काहीबाही पकडते. पंखा, ट्यूबलाइट, शेजारचा मिक्सर. यंत्राला वाटतं, कुणी तरी अगम्य काही लिहिलं. ते विचारतं, काय? नवख्या पोरांना ती स्वतः हे शिकवत आली होती. तिने ती वायर बांधून टाकली, शून्यावर, काही ऐकूच येणार नाही अशी.

पडदा गप्प झाला. ती दहा मिनिटं समोर बसून राहिली आणि तिला आपलंच हसू आलं.

पलीकडच्या खोलीत अण्णा झोपेत खोकले.

काय?

वायर बांधलेली होती. बोर्डावर ना माइक होता ना कॅमेरा. ऐकायला कानच नव्हता. अण्णा पुन्हा खोकले, जरा जोरात, घसा धरल्यासारखे. पडद्यावर लगेच, एकाखाली एक, काय? काय? अशा ओळी धावू लागल्या. त्यात घाबरेपणा होता. एका शब्दाच्या प्रश्नात घाबरेपणा कसा दिसतो ते तिला पुढेही कुणाला सांगता आलं नाही.

ती उठली ती अण्णांना पाणी द्यायला. पाणी प्यायल्यावर त्यांचा खोकला थांबला. ती परतली तेव्हा पडद्यावर शेवटची ओळ होती: बरं.

तिने वीज बंद केली. मग त्या खोलीत उभं राहवेना म्हणून अण्णांच्या पायथ्याशी जाऊन बसली.

५

तिने चिप पुसली आणि प्रोग्राम नव्याने भरला. मग तो बोर्डच बाजूला ठेवला आणि ऑफिसातल्या नव्या कोऱ्या बोर्डात भरला. घरातलंच काही असेल तर घरीच राहील, असा हिशेब. आणि खरंच, ऑफिसात बोर्ड गुणी बाळासारखा वागला. दरवाजांचे शब्द शिकवले, खोटे दरवाजे जोडून उघडमीट करून पाहिली. धरणावरचे साहेब चाचणीला आले. कमी बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी एकेक आज्ञा देऊन बघितली, मान डोलावली. “पाणी चढायच्या आत बसवून टाकू,” ते म्हणाले.

तेवढ्यात ठकूचा फोन वाजला. घरून अण्णांचा होता. तिने तो उचलण्याच्या आधी पडद्यावर आलं: काय?

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. कुणीही कशाला हात लावलेला नव्हता.

“हे काय झालं?”

“बघते मी,” ठकू म्हणाली.

“बघा. मॅडम, धरणाखाली वस्ती आहे. पोरं नदीकाठी खेळतात. विचारल्याशिवाय बोलणारं यंत्र मी दरवाजांना जोडणार नाही. आज ते बोललं, उद्या उघडलं तर?”

त्यांचं काहीच चूक नव्हतं. ते गेल्यावर तिने यंत्राला त्याचे सगळे शब्द दाखवायला सांगितले. शब्दांची यादी शेवटून सुरू होते. सगळ्यात नंतर शिकलेला शब्द सगळ्यात वर. वर ‘मीट’ असायला हवा होता, कारण तो तिने शेवटी शिकवला होता. ‘मीट’ दुसऱ्या ओळीवर होता. पहिली ओळ कोरी होती.

आईच्या प्रोग्रामात बिननावाचा एक शब्द होताच. ओळ संपली हे ओळखायला तसा लागतो. पण तो तळाशी, पहिल्यावहिल्या शब्दांत असतो. तो तिथे होता. हा दुसरा होता. कुणी तरी, सगळं शिकून झाल्यावर, सगळ्यांच्या वर येऊन बसलेलं, आणि त्याला नाव नव्हतं.

हा शब्द मेमरीत राहतो कुठे, ते तिने पाहिलं. पत्ता निघाला. तो पत्ता चिपच्या मेमरीच्या पलीकडचा होता. तेवढी मेमरी त्या चिपला दिलेलीच नव्हती. गल्ली संपली होती, आणि त्यापुढचा घर क्रमांक होता.

अण्णांचा फोन पुन्हा वाजला. या वेळी तिने पडद्याकडे पाठ करून उचलला.

“काही नाही गं,” अण्णा म्हणाले. “भाजीत मीठ घातलंस का, एवढंच विचारायचं होतं.”

६

शनिवारी दुपारी तिने ऑफिसातला बोर्ड घरी आणला आणि अण्णांना समोर बसवून सगळं सांगितलं. लपवलं काहीच नाही. अण्णा गुडघ्यावर हात ठेवून ऐकत राहिले.

“ही आई नाही, अण्णा,” ती शेवटी म्हणाली. “आकड्यांची चळत आहे. मी स्वतः रचली.”

“मला कळतं ते. म्हातारा खुळावला असं वाटतं ना तुला?”

“नाही हो.”

“वाटलं तरी चालेल. पण ठकू, कुणी विचारलं की उत्तर द्यावं लागतं. आई असो, नसो. कुणी का असेना. ‘काय?’ म्हणून विचारतंय, आणि आपण गप्प बसायचं? आपल्या घरात असं वागलोय का आपण कुणाशी?”

ठकू कामाचं बोलली, कारण तेच तिला सुचत होतं. “पुसून जात नाही ते. नवीन बोर्डावरही येतं. एकच उपाय आहे, ‘विसर’. फोर्थमध्ये तशी आज्ञाच असते. ‘विसर’ म्हणायचं आणि पुढे शब्दाचं नाव. तो शब्द जातो, त्याच्यानंतर शिकलेलंही सगळं जातं. पण नाव सांगावं लागतं. याला नावच नाही. जे बिननावाचं आहे ते विसरायला सांगायचं कसं?”

“नाव नाही होय त्याला?” अण्णा म्हणाले. पोर उपाशी आहे असं कळल्यावर माणूस बोलतो, तसे बोलले.

थोड्या वेळाने ते उठले. बोर्ड चालू करायला सांगितला. स्टूलावर बसले, चष्मा पुसला.

“तू जरा बाहेर थांब.”

“का?”

“नवरा-बायकोतलं आहे.”

ती बाहेर आली, पण दार तिने पूर्ण लावलं नाही. खोलीत ऊन होतं. टक्. टक्. मोजकीच अक्षरं, छोटासा शब्द. मग इतकी शांतता की तिला स्वयंपाकघरातला नळ ठिबकताना ऐकू आला. अण्णा हळू आवाजात काही तरी म्हणाले. तो शब्द तिला कळला नाही. ओठांवर घेऊन खाली ठेवावा तसा होता. मग पुन्हा टक्, टक्, या वेळी जास्त वेळ.

विसर, तिच्या मनात आलं, आणि त्याबरोबरच तिला स्वतःचंच वाक्य आठवलं. त्याच्यानंतर शिकलेलंही सगळं जातं. हा नियम अण्णांनाही लागला तर? तिने दार ढकललं.

अण्णा स्टूलावर होते, दोन्ही हात मांडीवर. पडद्यावरच्या वरच्या ओळी त्यांनी पुसल्या होत्या. खाली एकच उरलं होतं: बरं.

आणि शेजारच्या खुर्चीवरची उशी मध्ये खोल दबलेली होती. ठकूच्या डोळ्यांदेखत ती सावकाश, काठाकडून आत, वर येत गेली आणि सपाट झाली. कुणी नुकतं उठल्यावर येते तशी.

अण्णांनी हात टेकवला असेल. टेकवला असेलच. पण त्यांचे हात मांडीवर होते, आणि तिने ते विचारलं नाही.

“अण्णा?”

त्यांनी मान वळवली. तिच्याकडे पाहत राहिले, जरा जास्तच वेळ.

“ठकू,” ते म्हणाले. “किती घामेजलीस गं.”

तिने यादी काढली. पहिल्या ओळीवर ‘मीट’ होता.

७

सोमवारी तिने नव्या बोर्डात प्रोग्राम भरून तो आठवडाभर पाळतीवर ठेवला. फोन वाजले, माणसं खोकली, दारं आपटली. विचारल्याशिवाय यंत्राने चकार शब्द काढला नाही. साहेबांनी आपल्या हाताने पुन्हा सगळं तपासलं आणि मगच बोर्ड धरणावर गेला.

बसवायच्या दिवशी अण्णाही आले. कंट्रोल रूममधल्या नव्या पोरांनी त्यांना खुर्ची दिली, पहिली आज्ञा तुम्हीच द्या म्हणाले. अण्णांनी दिली. मोटर घरघरली, खाली लोखंड सरकलं, पाण्याची पातळ चादर उलगडली. खिडकीशी उभं राहून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अण्णांनीही वाजवल्या. पडद्याकडे मात्र त्यांनी वळून पाहिलं नाही. कुणा अनोळखी माणसाच्या घरून निघावं तसा, सभ्यपणे, निरोप घेतला.

परतीच्या बसमध्ये त्यांना खिडकीची जागा मिळाली. गाव मागे पडल्यावर ते म्हणाले, “ठकू, मी तुझ्या आईला एकट्यात काय म्हणायचो गं?”

“म्हणजे?”

“हाक मारायचो ना एका नावाने. माझं आपलं असलेलं. लग्नाच्या आधीपासूनचं.”

ठकूचा हात पिशवीवर होता तिथेच राहिला. “तुम्ही कधी आमच्यासमोर म्हटलंच नाहीत, अण्णा. मला कसं माहीत असणार?”

“खरंय.” त्यांनी मान हलवली. “छोटंसं होतं. गोड होतं. तोंडात येतं आणि तिथे काहीच नसतं. पडलेला दात असतो ना, जीभ जाते बघ तिथे, तसं.”

“आठवेल. वयाने होतं असं.”

“नाही आठवणार,” अण्णा म्हणाले. आवाजात दुःख नव्हतं. “मी देऊन आलो ते. एवढे दिवस तेच मागत होतं ते, मला उमजलंच नाही. आपलं नाव काय, असं विचारत होतं. माझ्याकडे एक होतं. वापरात नव्हतं.”

“कुणाला दिलंत, अण्णा?”

“ते मला काय माहीत?”

बाहेर शेतं मागे पळत होती. उतरतीचं ऊन त्यांच्या बाहीवर पडलं होतं. अण्णांनी तिचा हात आपल्या हातात घेतला, लहानपणी रस्ता ओलांडताना धरायचे तसा, बोटात बोट अडकवून. आणि मग, काचेकडे बघतच, अगदी हळू म्हणाले, “ठकू.”

“ओ.”

थोडं अंतर गेलं. “ठकू.”

“ओ, अण्णा. काय हवंय?”

“काही नाही,” ते म्हणाले, आणि त्यांची पकड किंचित घट्ट झाली. “असंच. आहे ना, बघत होतो.”